फलाफलाचा विचार

फलाफल हा शब्द प्रथम कानावर पडला तेव्हा मला तो पंचांगातला वाटला. राशींचं फलाफल असतं तसं. पुढे कळलं की हा एक वडा आहे. इजिप्तमध्ये तो फावा बीन्सचा करतात आणि त्याला तामिया म्हणतात. लेबनॉन-सीरियाकडे काबुली चण्यांचा.

तो आमच्या घरी आला तो मात्र माझ्या रक्तामुळे. तपासणीच्या कागदावर कोलेस्टेरॉलच्या आकड्याखाली रेघ आली आणि त्याच आठवड्यात ओट्यावर एअर फ्रायर आला. कढई माळ्यावर गेली.

"यात सगळं हवेत तळतात," सौ. म्हणाली.

खात्यात पैसे नसताना चेक वटतो असं कुणी सांगितलं की आम्हां बँकवाल्यांना जी शंका येते, ती मला आली.

पहिला प्रयोग कोसळला. चणे कुकरमध्ये शिजवून घेतले होते. वर तडे, आत लगदा! आई म्हणाली, "अगं, शिजवलेस कशाला? डाळवड्याची डाळ कधी शिजवतो का आपण?" खरं होतं. चण्यातला स्टार्च शिजता शिजता गोळा धरून ठेवतो. तो आधीच कुकरात शिजला, की ऐन कामाच्या वेळी सेवानिवृत्त!

दुसऱ्या खेपेला चणे रात्रभर भिजवले, निथळून कोरडे केले, कांदा, लसूण, कोथिंबीर, धणे-जिरे घालून रवाळ वाटले. वरून तेलाचं बोट फिरवलं. 190 अंशांवर 15 मिनिटं, मधे एकदा उलटून. गोळे शाबूत राहिले.

आता समीक्षा. चव उत्तम. रंग कडेला तांबूस, पोटाशी फिकट. कुरकुरीतपणा पातळ, आतून कोरडं. याचं कारण उघड आहे. तेल वड्याला चहूबाजूंनी बिलगतं आणि हवेपेक्षा कितीतरी झपाट्याने उष्णता पोचवतं. तीन-चार मिनिटांत कवच तयार, आतला ओलावा आत. हवेला तेच करायला पाव तास लागतो, तोवर ओलावा निघून जातो. हे यंत्र म्हणजे पंखा लावलेली छोटी भट्टी. ते तळत नाही, भाजतं. भाजलेल्या पापडाला आपण तळलेला म्हणतो का? दोघांचाही मान वेगळा. माझी तक्रार वड्याबद्दल नाही, नावाबद्दल आहे.

"कसं झालंय?" सौ.ने विचारलं.

"तसं पाहिलं तर..." मी सुरुवात केली.

"काढू का कढई माळ्यावरून?" ती शांतपणे म्हणाली. "आमच्या बाबांच्या वेळी कुणी ती वर टाकली नाही हो."

मी चौथा गोळा उचलला. समीक्षेतला एकही शब्द मागे घेतलेला नाही, बरं का. फक्त तिळाची ती ताहिनी लिंबू पिळून जरा जास्त मागून घेतली. कोरडेपणावर तिच्यासारखा उपाय नाही.