'द गुड अर्थ'मधील तीन अस्मानी संकटे

पर्ल बक यांची 'द गुड अर्थ' ही कादंबरी १९३१ साली प्रसिद्ध झाली. १९३२ साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि १९३८ साली लेखिकेस नोबेल पारितोषिक लाभले. या कादंबरीविषयी बोलताना दैवाच्या फेऱ्याचा उल्लेख हटकून होतो. पाऊस पडला की शेतकरी तरतो, न पडला की बुडतो, एवढेच तिचे सार पुष्कळदा सांगितले जाते. आम्हांस ते अपुरे वाटते. वांग लुंग या चिनी शेतकऱ्याच्या घरावर येणारी तीन संकटे, म्हणजे अवर्षण, महापूर आणि टोळधाड, एकाशेजारी एक ठेवून पाहिली की कादंबरीचे मर्म निराळेच असल्याचे दिसून येते.

लेखिकेचे बालपण चीनमध्ये गेले. पुढे कृषितज्ज्ञ पतीसमवेत आन्हुई प्रांताच्या उत्तर भागात त्या काही वर्षे राहिल्या. म्हणूनच की काय, अवर्षणाच्या प्रकरणांत त्यांची दृष्टी आकाशाकडे कमी आणि चुलीकडे अधिक आहे. घरचा बैल कापावयाचा, तर वांग लुंगचा हात चालत नाही. सुरी धरते ती त्याची पत्नी ओ-लान. धान्याच्या आशेने शेजारी घरात शिरतात. पुढे शेतातली माती पाण्यात कालवून पोरांना द्यावी लागते. जमीन कवडीमोलाने घेऊ पाहणारे शहरातील लोक दारात येतात, तेव्हा अस्मानीबरोबर सुलतानीही येते. जमीन मिळणार नाही, सामान न्या, असे त्यांना सांगते तीही ओ-लानच. अवजारे मात्र ती राखून ठेवते. या काळात जन्मलेली मुलगी जगत नाही आणि थोरलीची बुद्धी उपासमारीने कायमची खुंटते.

महापूर येतो तेव्हा वांग लुंग धनवान झालेला आहे. घरात धान्य आहे, पैसा आहे. शेत पाण्याखाली असल्यामुळे काम मात्र नाही. पहिल्या संकटात पोट रिकामे होते, या संकटात दिवस रिकामे आहेत. तो शहरातील चहागृहात जाऊ लागतो आणि लोटस नावाच्या गणिकेच्या नादी लागतो. ओ-लानने आयुष्यात स्वतःसाठी म्हणून दोनच मोती जपलेले असतात. तेही तो तिच्यापाशी मागतो. धुणे धूत असलेली ओ-लान ते काढून देते आणि पुन्हा धुण्याकडे वळते. एवढे क्रूर पान अवर्षणाच्या प्रकरणांतही नाही.

टोळधाड येते तेव्हा दैवापुढे इलाज नाही म्हणून कित्येक हात जोडतात. वांग लुंग मात्र चर खणतो, काही शेतांना आग लावतो, माणसे जमवून झुंजतो. पीक बऱ्याच अंशी वाचते, आणि त्या सात दिवसांत घरातील कलहाचा त्याला विसर पडतो. एकच मनुष्य एका संकटात ढासळतो व दुसऱ्यात सावरतो. यात दैवापेक्षा हाताला काम असणे-नसणे हेच निर्णायक ठरते.

परंतु श्रमाने सारे भरून निघते, असाही निष्कर्ष काढता येणार नाही. श्रमाने वांग लुंग सावरतो; ओ-लानचे काय? पीक पुन्हा उगवते, जमीन वाढते. मुलीची बुद्धी व ते मोती परत येत नाहीत. ओ-लानच्या मृत्यूनंतर वांग लुंगला मोत्यांची आठवण टोचते, पण तोवर फार उशीर झालेला असतो.

कादंबरीत एक उणीव आम्हांस जाणवते. परागंदा झालेले हे कुटुंब गावी परतते ते श्रमाच्या बळावर नव्हे, तर दंगलीत हाती लागलेल्या सोन्याच्या आणि रत्नांच्या बळावर. लेखिकेने येथे कथानकास सोपी वाट करून दिली आहे. मात्र ते दोन मोती त्याच रत्नांतले. अनायासे आलेल्या धनाची किंमत पुढे कोणी मोजली, हे लेखिका विसरलेल्या नाहीत.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) दुष्काळाने गाव पांगते आणि कथा संपते. तो शेवट तेथे योग्यच आहे. पर्ल बक यांनी त्यापुढचा काळ हाती घेतला आहे. पाऊस पडला म्हणजे दुष्काळ संपला, असे सरकारी दप्तर म्हणू शकते. घरात तो किती वर्षे आणि कोणाच्या वाट्यास उरतो, हे ही कादंबरी सांगते. विद्यार्थ्यांपुढे ती ठेवताना वांग लुंगच्या जमिनीबरोबर ओ-लानचाही हिशेब मांडावा, अशी आमची शिक्षकबंधूंस आणि भगिनींस सूचना आहे.