‘रात्रीस खेळ चाले’ : दोन पर्वे आणि एक बोली

‘रात्रीस खेळ चाले’चे पहिले पर्व झी मराठीवर २०१६ साली आले, ते अण्णा नाईकांच्या मरणापासून सुरू झाले. कोकणातल्या आकेरी गावच्या वाड्यात सगळे कुटुंब गोळा होते आणि घरात वावरते ते भूत की माणूस, हा एकच प्रश्न महिनोन्महिने ताणला जातो. वातावरण अस्सल होते, पण उत्तर कळल्यावर मालिका पुन्हा पाहण्याचे कारण उरत नाही.

२०१९च्या दुसऱ्या पर्वाने काळ मागे नेला. अण्णा जिवंत, शेवट प्रेक्षकाला आधीच माहीत. रहस्य गेले आणि माणसे दिसू लागली. माधव अभ्यंकरांच्या अण्णांत गावाला धाकात ठेवणारा जमीनदार आहे आणि प्रेयसी शेवंतासमोर विरघळणारा पुरुषही. अपूर्वा नेमळेकरांची शेवंता नुसती मोहिनी नाही. फसगत झाल्याचे तिला कळते. सगळ्यांत मोठे काम शकुंतला नरे यांच्या माईचे, म्हणजे अण्णांच्या बायकोचे. नवरा रात्री कुठे जातो हे जाणूनही ती घर ओढते, आणि तिचे न बोलणे वाड्यातल्या कुठल्याही किंकाळीपेक्षा अंगावर येते.

खरा फरक बोलीचा. पहिल्या पर्वात मुंबईहून आलेले अण्णांचा मुलगा माधव आणि सून नीलिमा प्रमाण मराठी बोलत, मालवणी ही गावात राहिलेल्यांची बोली होती. दुसऱ्यात मालवणीच घराची भाषा झाली. ‘माका’, ‘तुका’, ‘खंय’ यांत हुकूम, लाड, शिवी, विनवणी सारे आले. घरगडी पांडूचे ‘इसारलंय’ (विसरलो) महाराष्ट्रभर पोचले. हसवण्यापुरती बोली वापरण्याची दूरदर्शनी खोड इथे मोडली.

वाहिनीने मात्र यातून भूत तेवढे उचलले. २०२१च्या तिसऱ्या पर्वात अण्णा-शेवंताची भुतेच मध्यभागी आली.

उचलायला हवी होती ती बोली, आणि ती राज्याच्या दुसऱ्या टोकाचीही असू शकते. आकेरी राज्याच्या दक्षिण टोकाला, नंदुरबार जिल्हा उत्तर टोकाला. तिथल्या तळोदा-शहाद्याच्या घराला मालवणी परकीच. नवापूरकडची कोकणी ही आदिवासी बोलीसुद्धा तिच्याहून वेगळी. तरी माईचे दुःख समजायला नंदुरबारात कोणाला दुभाषा लागला नाही. मग अहिराणी, पावरी, मावची, गुजरी बोलणाऱ्या या जिल्ह्याचे घर मालिकेत का नसावे? लोकसंख्येत सुमारे ७० टक्के आदिवासी असलेला हा मुलूख पडद्यावर आला तर फक्त काठी गावच्या होळीचा नाच म्हणून येतो. वेष दिसतो, वाक्य ऐकू येत नाही. धडगावच्या आईने मुलीला पावरीत रागावणे, नंदुरबारच्या सासूने अहिराणीत टोमणा मारणे, यातही तेवढेच नाट्य आहे. ‘प्रेक्षकाला कळणार नाही’ ही सबब २०१९नंतर चालत नाही. खानदेशी बोलीतले ‘हाई झुमका वाली पोर’ हे गाणे साऱ्या महाराष्ट्रात वाजले आहे. उपशीर्षके देता येतात. मालवणीला तर तीही लागली नव्हती.