पांढरी दोनमधला स्कार्लात्ती

दोमेनिको स्कार्लात्तीच्या तीस सोनातांचं पुस्तक १७३८ साली लंडनमध्ये छापलं गेलं. ते पोर्तुगालच्या पाचव्या जोआंव राजाला अर्पण केलेलं होतं. पुढच्याच वर्षी, मे १७३९मध्ये, चिमाजी अप्पांनी याच राजाच्या माणसांकडून वसई घेतली. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. पण भवानीनगरसारख्या साखर कारखान्याच्या गावात 'हे कुठलं काढलंस आता' असं कुणी विचारलं, की मी वसईपासून सुरुवात करतो. निदान माणूस ऐकून तरी घेतो.

पुस्तकाचं नाव 'एस्सेर्चित्सी', म्हणजे सराव. नावावरून पलट्यांची वही वाटेल, पण तसं ते नाही. प्रस्तावनेत स्कार्लात्ती वाचकाला सांगतो, की इथे सखोल विद्वत्ता शोधू नका, कलेशी केलेला चतुर खेळ तेवढा बघा. सोनाता म्हटल्यावर बेथोव्हेनच्या तीनचार भागांच्या रचना आठवतात, त्याही इथे नाहीत. एकच भाग, त्याचे दोन तुकडे, प्रत्येक तुकडा दोनदा वाजवायचा. बस. अशा ५५५ रचना त्याच्या नावावर आहेत आणि आज आपण त्यांना राल्फ कर्कपॅट्रिकने १९५३ साली दिलेल्या क्रमांकांनी ओळखतो. मी शिकतो आहे ती के. ९, या पहिल्याच पुस्तकातली, डी मायनरमधली.

भजनात पेटी वाजवलेल्या माणसाला डी म्हणजे पांढरी दोन. कान लगेच तिथे षड्ज लावून बसतो, स्वर मोजतो आणि आसावरीच्या थाटाजवळ येऊन थांबतो. इथवर ठीक. पण पहिला तुकडा संपतो तो पांढरी चारवर, एफ मेजरमध्ये. म्हणजे ज्याला आपण कोमल गंधार समजत होतो तोच षड्ज होऊन बसला. मूर्च्छनेचा हिशोब माहीत असलेल्याला यात गूढ काही नाही, आसावरीच्या कोमल गंधाराला सा मानलं की बिलावलचा थाट मिळतो. गंमत अशी, की आपल्याकडे मूर्च्छना दाखवणारा कलाकार तंबोरा बंद करत नाही. जुना षड्ज मागे वाजत राहतो आणि नव्याची झलक त्याच्या अंगावरून जाते. स्कार्लात्ती तंबोराच उचलून दुसऱ्या खोलीत नेतो. दुसरा तुकडा त्या खोलीत सुरू होतो आणि परत यायची वाट शोधतो. ही वाट ऐकू यायला लागली की सोनाता कळली असं मी मानतो. बोटं त्यानंतर.

बोटांचंही सांगायला हवं. पेटीवाल्याचा डावा हात जन्मभर भाता हलवतो. त्याला स्वर माहीतच नसतात, त्याला श्वास माहीत असतो. इथे त्याला उजव्याइतकंच बोलावं लागतं. उजव्या हाताच्या कंपनांचं फारसं अडत नाही, खटका-मुरकीची सवय कामी येते. डाव्याचं मात्र पहिलीपासून.

आता वाद्य. हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जाते, पियानोत तिच्यावर हातोडी पडते. हार्पसिकॉर्डची पट्टी हळू दाबा की जोरात, आवाजात फरक जवळजवळ पडत नाही. डिजिटल पियानोच्या पट्ट्या वजनदार केलेल्या असतात त्या हातोडीची नक्कल म्हणून. हार्पसिकॉर्डचं बटण दाबलं तरी वजन तेच राहतं. कानाला छेडलेली तार आणि बोटाला हातोडी, असं दुभंगलेलं वाद्य आपल्यासमोर असतं. खऱ्या हार्पसिकॉर्डवर तार सुटण्याच्या क्षणी बोटाखाली बारीकशी अडचण लागते, मग पट्टी मोकळी होते. तो क्षण इथे नाही, आणि कितीही महागडा नमुना ध्वनिमुद्रित करून आत भरला तरी तो येणार नाही. हा दोष खरा आहे.

तरीही मी पियानोच्या आवाजाऐवजी हार्पसिकॉर्डच्याच आवाजावर बसवतो. पियानोच्या आवाजात वाक्याचा शेवट हळू करून भाव आणता येतो, म्हणजे सोय होते. दुसऱ्यात ती सोय काढून घेतली जाते. उरतं एवढंच, स्वर किती धरायचा, केव्हा सोडायचा, पुढच्याच्या आधी केवढी फट ठेवायची. होरोविट्झचा पियानोवरचा स्कार्लात्ती ऐकताना मी होरोविट्झ ऐकतो. स्कॉट रॉसने १९८४-८५मध्ये हार्पसिकॉर्डवर सगळ्या सोनाता ध्वनिमुद्रित केल्या, त्यात रचनेची हाडं दिसतात. पण शुद्धतावाद्यांनीही फार ताणू नये. स्कार्लात्तीची शिष्या राणी मारिया बार्बरा हिच्या मृत्यूनंतरच्या यादीत पाच पियानो होते, आणि त्यातले दोन बदलून हार्पसिकॉर्ड केलेले. एकाच लाकडी पेटीत आधी हातोडी, मग पीस! त्या दरबारालाही वाद्य बदलून बघायचं वावडं नव्हतं.

शिवाय हे संगीत सभागृहासाठी नव्हतंच. एका राणीच्या खोलीत, दोनचार कानांसाठी वाजलेलं. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी रात्रभर रस्त्यावरून जात असतात, तेव्हा हेडफोनमधली ती खोली मला तरी खोटी वाटत नाही.

सुरांचा मुद्दा राहिला. समान अंतरांवर लावलेले स्वर रागाला चालत नाहीत, हा पेटीवरचा जुना आक्षेप. त्याच भांडणातून आकाशवाणीने १९४०मध्ये पेटी बंद केली, ती १९७१पर्यंत. डिजिटल पियानोच्या यादीत मात्र पुष्कळदा जुने युरोपी मेळ असतात, त्यात एक मीनटोन. तो निवडला की पांढरी दोनवरून धरलेला कोमल गंधार पेटीपेक्षा किंचित चढतो, सहास पाचाच्या शुद्ध गुणोत्तराजवळ येतो, आणि पांढरी चारवरचा शुद्ध गंधार थोडा उतरून शांत होतो. शेजारी पेटी ठेवून तोच स्वर वाजवला तर दोघांत लाटा ऐकू येतात. के. ९चा पहिला तुकडा या मेळात संपतो तेव्हा बिलावल खरोखर बिलावलसारखा लागतो.