क्षणमापक घड्याळें आणि त्यांचे संग्राहक

ज्याच्या खिशांत मोबाईल आहे त्याला वेळ पाहण्यासाठीं मनगटावरील घड्याळाची गरज उरलेली नाहीं. तरीही दिवसाकाठीं दोन-चार सेकंद मागें-पुढें होणारें, किल्लीवर किंवा हाताच्या हालचालीवर चालणारें यांत्रिक घड्याळ कित्येक लाख रुपये मोजून घेणारे रसिक आज आपल्याकडे आहेत, आणि त्यांतही ज्यांस क्रोनोग्राफ म्हणतात त्या घड्याळांवर त्यांची विशेष प्रीति आहे. या प्रीतीस हौस म्हणून हंसून सोडून देणें सोपें आहे, व धनिकांचा चाळा म्हणून तिचा निषेध करणें त्याहूनही सोपें आहे. आम्हांस दोन्ही मार्ग मान्य नाहींत. ज्या वस्तूंत मनुष्याची बुद्धि एवढ्या एकाग्रतेनें ओतलेली आहे, तिची परीक्षा एखाद्या ग्रंथाची किंवा चित्राची करावी तशीच केली पाहिजे. आणि त्या परीक्षेंत तिची किंमत, तिची कीर्ति व तिचें काम हीं तीन निरनिराळीं ठेवलीं पाहिजेत. सांगली-मिरजेकडील वाचकांजवळ या परीक्षेचें एक चांगलें परिमाण घरच्या घरींच आहे. त्याकडे आम्ही पुढें वळूं.

क्रोनोग्राफ या शब्दाचा अर्थ काळ लिहिणारा असा आहे. १८२१ मध्यें पॅरिस येथील घोड्यांच्या शर्यतींत निकोला रियुसेक यानें जें यंत्र वापरलें तें खरोखरच लिहीत असे. घोडा अंतिम रेषेवर आला कीं त्याच्या तबकडीवर शाईचा ठिपका पडे. पुढें शाई गेली व नांव तेवढें राहिलें. हल्लींच्या क्रोनोग्राफांत नेहमींची वेळ दाखविणारे कांटे आपल्या गतीनें चालत असतात, आणि बाजूची कळ दाबली असतां एक वेगळा सेकंदकांटा धांवूं लागतो. तीच कळ पुन्हा दाबली कीं तो थांबतो, व दुसरी कळ दाबतांच तो एका निमिषांत शून्यावर परत येतो.

हें शून्यावर परत येणें दिसावयास सहज, पण साधावयास फार कठीण होतें. त्यासाठीं कांट्याच्या आंसावर हृदयाच्या आकाराची एक चकती बसविलेली असते. तिच्या कडेवर इवलीशी हातोडी आदळली कीं, कांटा कोठेंही असो, चकती घसरत फिरते आणि हातोडी तिच्या खळग्यांत येऊन विसावते. त्याच वेळीं कांटाही शून्यावर आलेला असतो. आडोल्फ निकोल यानें या युक्तीचें पेटंट १८४४ मध्यें घेतलें. त्याच्या आदल्याच वर्षीं सांगलीस विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलें होतें. तेव्हांपासून आजपर्यंत मराठी नाटकानें किती रूपें पालटलीं हें वाचक जाणतातच. ती हृदयाकृति चकती मात्र आजच्या नव्यांतल्या नव्या क्रोनोग्राफांतही आपलें काम तसेंच करीत आहे. पावणेदोनशें वर्षांहून अधिक काळ टिकलेली ही कल्पना पाहून ज्यास आनंद होतो, त्या संग्राहकाच्या रसिकतेविषयीं आम्हांस शंका नाहीं.

या यंत्राची सूक्ष्मता आपल्या जुन्या कालमापनानें अधिक चांगली कळते. साठ विपळांचें एक पळ, साठ पळांची एक घटका, आणि घटका २४ मिनिटांची. म्हणजे विपळ हा सेकंदाचा दोन-पंचमांश झाला. लग्नमंडपांत पाण्यावर ठेवलेलें घटिकापात्र बुडालें कीं घटका भरल्याचें सर्वांस दिसे. विपळ मात्र गणितांतच राही, तें डोळ्यांनीं पाहण्याचें साधन सामान्य गृहस्थाजवळ नव्हतें. जुन्या धर्तीचें यांत्रिक घड्याळ ताशीं १८,००० ठोके देतें, म्हणजे एका विपळांत बरोबर दोन. ताशीं ३६,००० ठोक्यांचें घड्याळ एका विपळांत चार ठोके देतें. जें माप आपल्या पंचांगकर्त्यांनीं बुद्धीनें कल्पिलें, तें येथें एका केसासारख्या बारीक कमानीच्या आंदोलनांत प्रत्यक्ष ऐकूं येतें.

असें असतांही ही कला एकदां मरणाच्या दारीं जाऊन आली, आणि तो इतिहास कळल्यावांचून आजच्या संग्राहकाचें मन कळावयाचें नाहीं. १९६९ च्या जानेवारींत स्वित्झर्लंडमधील झेनिथ कंपनीनें आपोआप किल्ली बसणारा ‘एल प्रिमेरो’ हा क्रोनोग्राफ जाहीर केला. मार्चमध्यें हॉयर, ब्राइटलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आपला आणला, आणि जपानच्या सेइकोनेंही त्याच वर्षीं तें साधलें. यांत्रिक कलेचा असा कळस झाला त्याच वर्षाच्या २५ डिसेंबरला सेइकोनें टोकियोंत क्वार्ट्झचें पहिलें मनगटी घड्याळ विक्रीस ठेवलें. विजेच्या कंपनानें चालणारें तें घड्याळ पुढें इतकें स्वस्त व इतकें बिनचूक झालें कीं, स्विस घड्याळधंद्यांतील सुमारें ९०,००० कामगारांपैकीं पंधरा वर्षांत जेमतेम एकतृतीयांश उरले. १९७५ मध्यें झेनिथच्या तत्कालीन अमेरिकन मालकांनीं यांत्रिक घड्याळें बंद करून हत्यारें व सांचे मोडींत काढण्याचा हुकूम दिला, तेव्हां शार्ल व्हर्मो या कारागिरानें तो हुकूम मानला नाहीं. त्यानें सांचे व हत्यारें कारखान्याच्या माळ्यावर लपविलीं व त्यांच्या टिपणवह्या नीट लिहून ठेविल्या. पुढें यांत्रिक घड्याळांस पुन्हा मागणी आली तेव्हां तोच माळा उघडून उत्पादन सुरू झालें. इतकेंच नव्हे, तर १९८८ पासून २००० पर्यंत रोलेक्सच्या सुप्रसिद्ध ‘डेटोना’ घड्याळांतही याच एल प्रिमेरोचें सुधारलेलें यंत्र चालत होतें.

आतां नव्या घड्याळांकडे वळूं. झेनिथच्या २०२१ च्या ‘क्रोनोमास्टर स्पोर्ट’मध्यें मधला कांटा साठ सेकंदांऐवजीं दहाच सेकंदांत एक फेरी पुरी करतो, त्यामुळें सेकंदाचा दहावा भाग तबकडीवर स्पष्ट वाचतां येतो. यंत्राची जी शक्ति एरवीं आंत दडून असते ती येथें वापरणाऱ्याच्या हातीं येते. यास आम्ही खरी सुधारणा म्हणतों. ओमेगानें २०१९ मध्यें आपलें जुनें ‘३२१’ यंत्र पुन्हा बनविण्यास घेतलें. १९६९ मध्यें चंद्रावर गेलेल्या ‘स्पीडमास्टर’ घड्याळांत याच जातीचें यंत्र होतें. नव्या आवृत्तींत प्रत्येक यंत्राची जुळणी आरंभापासून शेवटपर्यंत एकच कारागीर करतो, व पाठीमागील कांचेतून तें पाहतां येतें. येथें नवीन शोध कांहीं नाहीं. हें जुन्या ग्रंथाचें काळजीपूर्वक केलेलें पुनर्मुद्रण आहे, आणि त्या दृष्टीनें तें स्तुत्य आहे. रोलेक्सनें २०२३ मध्यें डेटोनास ‘४१३१’ हें सुधारलेलें यंत्र दिलें. यंत्र उत्तम आहे. परंतु पोलादी डेटोनाचें पाठीमागील झांकण बंद असल्यामुळें मालकास तें दिसत नाहीं, आणि पुष्कळ मालकांस त्याची खंतही नसावी. कारण त्या घड्याळाची ओढ आंतील यंत्रापेक्षां तें सहजासहजीं मिळत नाहीं यांतच अधिक आहे. दुकानांत नांव नोंदवून वाट पाहावयाची, आणि हातीं आल्यावर छापील किंमतीहून अधिक भावानें दुसऱ्यास द्यावयाचें, असा व्यवहार त्याच्याभोंवतीं वाढला आहे. सराफकट्ट्यावर सोन्याचा भाव पाहावा तसा ज्याचा भाव रोज पाहिला जातो, त्या वस्तूच्या कारागिरीकडे कोण पाहणार?

यावर कोणी म्हणेल कीं, संग्राहकांनीं वाटेल तो भाव दिला म्हणूनच ही कला जगली. हा आक्षेप खोटा नाहीं. श्रीमंतांच्या पैशावांचून त्या माळ्यावरचीं हत्यारें कदाचित् तशींच गंजलीं असतीं. परंतु संग्राहकांनीं केवढा मोठा मान कोणत्या घड्याळास दिला हेंही पाहावें. २०१७ मध्यें न्यूयॉर्क येथील लिलावांत पॉल न्यूमन या नटाचें डेटोना एक कोटि सत्त्याहत्तर लाख डॉलरांवर गेलें. त्याच्या पत्नीनें तें त्यास मोटार जपून हांकण्याची सूचना पाठीवर कोरून दिलें होतें. तो मोटारींच्या शर्यतींत भाग घेई व तें घड्याळ वर्षानुवर्षें त्याच्या मनगटावर असे. कपाटांत कोरें करकरीत ठेवलेल्या कोणत्याही मनगटी घड्याळास लिलावांत तोंपर्यंत एवढी किंमत आली नव्हती. वापरानें वस्तूस जें चरित्र लाभतें त्याचें मोल संग्राहकही मनांतून जाणतात, असाच याचा अर्थ आम्ही घेतों.

आरंभीं आम्हीं घरच्या परिमाणाचा उल्लेख केला, तें परिमाण म्हणजे मिरजेचा तानपुरा होय. शस्त्रांस धार लावणाऱ्या शिकलगारांनीं, राज्यें पालटून शस्त्रांची मागणी ओसरल्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथें तंतुवाद्यें घडविण्यास आरंभ केला. तानपुऱ्यांतही एक क्वार्ट्झ येऊन गेलें आहे: विजेचा तानपुरा आला, आणि आतां तर मोबाईलमधूनही बिनचूक षड्ज-पंचम ऐकूं येतो. रियाजास तो उपयोगी पडतो हें कोण नाकारील? तरीही मिरजेच्या गल्लींत भोपळे व लांकूड यांवर कारागिरांचा हात चालूच आहे, आणि २०२४ मध्यें मिरजेच्या सतारीस व तानपुऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळालें. हें वाद्य कशानें जगलें? त्यास गाणारा मनुष्य आहे, आणि त्यास सांभाळणारा कारागीरही आहे. तारांच्या घर्षणानें घोडीवर चरे पडतात व आवाज बसतो. मग कारागिराकडे नेऊन त्याची जवारी पुन्हा काढून घ्यावी लागते. न वाजविलेल्या तानपुऱ्याची जवारी बिघडत नाहीं, पण त्यास तानपुरा तरी कशासाठीं म्हणावें?

यांत्रिक घड्याळाचीही गोष्ट अशीच आहे. कांहीं वर्षांनीं त्याचें तेल सुकतें, तें उघडून, धुऊन, पुन्हा जुळवावें लागतें. आणि आमची मुख्य तक्रार येथेंच आहे. मिरजेचा कारागीर कोणाच्याही घरचा तानपुरा खोलून दुरुस्त करूं शकतो. उंची घड्याळांच्या पुष्कळ मोठ्या कंपन्या मात्र आपले सुटे भाग स्वतंत्र घड्याळजींस देत नाहींत. दुरुस्ती करावयाची तर घड्याळ त्यांच्याच अधिकृत कार्यशाळेंत पाठवावें लागतें. कारागिरीची कीर्ति सांगून वस्तु विकावयाची आणि गांवोगांवच्या कारागिराच्या हातून ती काढून घ्यावयाची, हा व्यवहार आम्हांस व्हर्मोच्या वारशास शोभणारा दिसत नाहीं. भिंग डोळ्यास लावून बसणारा घड्याळजी आपल्या पेठांतून दिसेनासा झाला, तर लक्षावधि रुपयांचीं घड्याळें कपाटांत असूनही ही विद्या आपल्यापुरती नष्ट झाली असेंच म्हणावें लागेल.

म्हणून ज्या वाचकांस या छंदाचें आकर्षण वाटतें त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, प्रारंभ भावापासून करूं नये, यंत्रापासून करावा. जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्यानें १९६१ मध्यें बंगळूर येथें निघालेलीं एचएमटीचीं किल्लीचीं घड्याळें पुष्कळ मराठी घरांत अजून सांपडतील. तो कारखाना बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळानें जानेवारी २०१६ मध्यें मान्यता दिली. परंतु तीं घड्याळें दुरुस्त होतात व चालतात. त्यांत क्रोनोग्राफाची कळ नाहीं, हृदयाकृति चकती नाहीं. तरी विपळाचे दोन ठोके त्यांतही ऐकूं येतात. आजोबांचें असें एक घड्याळ घड्याळजीकडून साफ करवून रोज सकाळीं त्यास किल्ली देणारा मनुष्य, आमच्या मतें, या कलेचा संग्राहक म्हणवून घेण्यास पुरा पात्र आहे. त्यानंतर ऐपत असेल तर त्यानें क्रोनोग्राफ अवश्य घ्यावा, पण तो मनगटावर बांधावा, त्याची कळ दाबावी, आणि मुलांनीं विचारलें असतां कांटा शून्यावर परत कसा येतो हें त्यांस समजावून सांगावें.