राजप्रशस्ति : काव्य आणि वंशावळ

आमच्या महागांवच्या बाजूस, किंबहुना सबंध वऱ्हाडांत, चुन्यावांचून दगडावर दगड बसवून रचलेलें जुनें देऊळ दिसलें कीं लोक त्यास 'हेमाडपंती' म्हणून मोकळे होतात. परंतु ज्या हेमाद्रीच्या नांवावर एवढीं देवळें जमा झालीं, त्यानें शब्दांत उभारलेली वास्तु फार थोड्यांनीं पाहिली आहे. देवगिरीच्या महादेव (१२६१–१२७१) व रामचंद्र या यादव राजांच्या या मंत्र्यानें 'चतुर्वर्गचिंतामणि' या आपल्या प्रचंड ग्रंथाच्या व्रतखंडास आपल्या धन्याच्या कुळाची राजप्रशस्ति जोडली आहे. रा. गो. भांडारकर यांनीं १८८४ सालीं प्रसिद्ध केलेल्या दक्षिणेच्या इतिहासांत तिचा उपयोग केला. तेव्हांपासून ती इतिहासाचें साधन म्हणून वाचली जाते. परंतु ती आधीं काव्य आहे, आणि काव्य म्हणून वाचल्यासच तींतील इतिहास हातीं लागतो, असें आमचें मत आहे.

प्रशस्तीचा आरंभ चंद्रापासून होतो. पुढें यदु येतो, श्रीकृष्ण येतो. मथुरा सुटून द्वारका येते. मग सुबाहु नामक सार्वभौम राजा आपलें राज्य चार पुत्रांस वांटून देतो आणि दुसरा पुत्र दृढप्रहार दक्षिणेचा धनी होतो. येथवर कवीची वाणी अस्खलित वाहते. यापुढें मात्र सेउणचंद्रामागून धाडियप्प, भिल्लम, राजुगि, वादुगि, वेसुगि अशीं नांवें येऊं लागतात. पुराणांच्या पंक्तींत हीं नांवें शोभत नाहींत. संस्कृत वृत्तांत तीं बसवितांना कवीस प्रयास पडले असतील. आणि म्हणूनच आम्ही त्यांवर विश्वास ठेवितों. वंश कल्पनेनेंच सजवावयाचा तर कोणता कवि 'धाडियप्प' कल्पील? जीं नांवें काव्यास अडचणीचीं, तींच इतिहासास सोयीचीं.

ताम्रपट याच तर्कास दुजोरा देतात. संगमनेरचा शके ९२२ (इ. स. १०००) चा व वसईचा शके ९९१ (इ. स. १०६९) चा, असे या घराण्याचे दोन पट उपलब्ध आहेत. त्यांतून दिसतात ते राष्ट्रकूट व शिलाहार कुळांशीं सोयरिकी जोडून हळूहळू वर चढणारे मांडलिक. भिल्लम पांचवा बाराव्या शतकाच्या अखेरीस स्वतंत्र झाला, आणि मांडलिकांचें कुळ सम्राटांचें झालें. जसजसें सिंहासन उंचावतें तसतसें मूळ मागें मागें सरकत जातें. राष्ट्रकूटांच्या आरंभीच्या पटांत यदूचा पत्ता नाहीं. वैभव वाढल्यावर तो आला. शिलाहारांनीं तर जीमूतवाहन विद्याधरासच पूर्वज केलें.

ही खोड आमच्याच देशाची आहे असें मात्र कोणी समजूं नये. फ्रँक लोकांचा सम्राट शार्लमेन (मृत्यु ८१४) याच्या घराण्याचें मूळ सामान्यतः सातव्या शतकांतील पिपिन व मेट्सचा बिशप आर्नुल्फ यांच्यापर्यंत नेतात. परंतु नवव्या शतकांतील वंशावळकारांस तेवढ्यानें समाधान झालें नाहीं. त्यांनीं आर्नुल्फामागें रोमन सिनेटराचें कुळ आणि पूर्वीच्या मेरोव्हिंगियन राजवंशांतील एक राजकन्या जोडून दिली. सबंध फ्रँक जातीस तर ट्रॉय नगरीचे वंशज ठरविणारी कथा सातव्या शतकांतच रूढ होती. तिकडे ट्रॉय, इकडे द्वारका. एका पडलेल्या व एका बुडालेल्या नगरींतून निघालेल्या माणसांस दाखला कोण विचारणार?

हा प्रश्न निव्वळ पंडिती नाहीं. वऱ्हाडांतील सिंदखेडचे जाधव आपणांस देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणवीत, आणि जिजाबाई याच कुळांतल्या. देवगिरीचें राज्य १३१८ च्या सुमारास पूर्ण लयास गेलें. लखुजी जाधव पुढें येतात ते सोळाव्या शतकाच्या अखेरीस. मधल्या पावणेतीनशें वर्षांची सांखळी कड्याला कडी लावून दाखवितां येत नाहीं. हें सांगितलें कीं आमचे विद्यार्थी खिन्न होतात, एकानें तर आम्हांस विचारलें, "मग जिजाबाईंचें कुळ खोटें कां?" आम्हीं त्यास सांगितलें तेंच येथें सांगतों. संबंध सिद्ध न होणें म्हणजे तो खोटा ठरणें नव्हे. आणि जिजाबाईंची थोरवी भिल्लमाच्या शिलालेखावर उभी नाहीं. उलट, त्यांच्यामुळेंच आज सिंदखेडच्या पूर्वजांची चौकशी होते.

लखुजींचा घात १६२९ सालीं दौलताबादेस, म्हणजे त्या जुन्या देवगिरींतच झाला. प्रशस्तिकारास हा योगायोग पुरला असता. त्यानें त्यावर सर्ग रचला असता. टीकाकारानें तेथें थांबावें, सर्गाचें कौतुक करावें, आणि वंशवृक्षांत मात्र ती जागा कोरी सोडावी. कोरी जागा हा पूर्वजांचा अपमान नव्हे. त्यांच्याविषयीं खोटें न बोलण्याची ती रीत आहे.