गळ टाकणं आणि गळ घालणं

मुलांना नदीवर नेऊन मासे धरायला शिकवणं हा साहित्याच्या व्याख्यानमालेचा विषय कसा, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. कळमनुरीत बसून सॅमन माशाबद्दल काय बोलणार, हाही प्रश्न रास्त आहे. मुंबईच्या हॉटेलांत ‘इंडियन सॅमन’ म्हणून जो मिळतो तो आपला रावस. त्याचा खऱ्या सॅमनशी कुळाचा काही संबंध नाही. खरा सॅमन थंड मुलखातला. नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्या नदीत चढून येतो. आपल्याकडे पहिल्या पावसात ओढ्यांना लोंढे आले की ‘चढणीचे मासे’ वर येतात. समुद्र सोडला तर गोष्ट तीच. आपली कयाधू काही महिने वाहते आणि काही महिने आठवणीत राहते. तरी ती वाहते तेव्हा लेकरं काठाला असतातच. म्हणून विषय आपला आहे.

आज मी तीन पुस्तकं घेतली आहेत. तिन्हींत कुणी मोठा माणूस कुणा लहानाशी किंवा नवख्याशी मासेमारीबद्दल बोलतो. मला तपासायचंय ते एवढंच की हा मोठा माणूस शिकवतोय की भुलवतोय.

पहिलं पुस्तक आयझॅक वॉल्टनचं, ‘द कम्प्लीट अँग्लर’. साल 1653. चार वर्षांपूर्वी इंग्लंडात राजाचं डोकं उडवलेलं, यादवी होऊन गेलेली, आणि साठीचा हा कापडव्यापारी गृहस्थ ली नदीच्या काठानं चालत मासे धरण्यावर संवाद लिहितो. त्याच्या हयातीतच पाच आवृत्त्या निघाल्या. पिस्केटर म्हणजे मासे धरणारा, हा गुरू. व्हेनेटर म्हणजे शिकारी, हा वाटेत भेटलेला आणि शिष्य झालेला. सोबत ऑसेप्स नावाचा एक पक्षी पाळणारा असतो. तो आपली बाजू मांडून लवकरच निघून जातो. मला विचाराल तर त्या तिघांतला शहाणा तोच.

पुस्तक गोड आहे, यात शंका नाही. गुरू-शिष्य एकत्र चालतात, खानावळीत उतरतात, धरलेला मासा शिजवून खातात, गाणी म्हणतात. शिकवणं मधूनमधून, चालता चालता होतं. एक प्रसंग तर प्रत्येक शिक्षकानं वाचावा असा आहे. व्हेनेटरला मासा लागत नाही, गुरूला मात्र लागतोय. शिष्य गुरूची काठी मागून घेतो, तरी लागत नाही. तेव्हा गुरू त्याला एका धर्मोपदेशकाची गोष्ट सांगतो. त्यानं दुसऱ्याचं गाजलेलं प्रवचन उसनं घेऊन वाचलं आणि ते साफ पडलं. आपल्या भाषेत सांगायचं तर पेटी उसनी मिळते, बोटं मिळत नाहीत. ‘ज्ञान हस्तांतरित होतं का’ या प्रश्नावर आम्ही विद्यापीठात चर्चासत्रं घेतली. वॉल्टननं ते काठी हातात देऊन दाखवलं.

पण माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. व्हेनेटर फार लवकर शरण जातो. सकाळी भेटलेला शिकारी दोन दिवसांत भक्त होतो, आणि नंतर एकदाही अडून बसत नाही, ‘हे मला पटत नाही’ म्हणत नाही. असा शिष्य लेखकाच्या सोयीचा असतो. पाण्यातला मासा झटका तरी देतो हो! वॉल्टनच्या पुस्तकात सगळ्यांत कमी धडपड करणारा प्राणी म्हणजे त्याचा विद्यार्थी.

आता मराठीत बघा काय गंमत आहे. मासा धरायला आपण गळ ‘टाकतो’ आणि माणसाला वळवायला गळ ‘घालतो’. दुसऱ्या पुस्तकाची किल्ली या आपल्या शब्दातच आहे. ते प्लेटोचं ‘सोफिस्ट’. एलियाहून आलेला एक पाहुणा थिएटेटस नावाच्या तरुण मुलाशी बोलतोय. सोफिस्ट म्हणजे पैसे घेऊन तरुणांना वादविद्या शिकवणारा; त्याची व्याख्या करायची आहे. पण विषय अवघड, म्हणून सरावासाठी सोपं, सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण घेऊ, असं पाहुणा म्हणतो. उदाहरण कोणतं? गळानं मासे धरणारा. मग भाग पाडत जातो. निर्माण करणाऱ्या कला आणि मिळवणाऱ्या कला. मिळवणं राजीखुशीचं आणि पकडण्याचं. शिकार जमिनीवरची आणि पाण्यातली. वेढून धरणं आणि जखम करून धरणं. रात्री उजेडावर आणि दिवसा काट्यानं. वरून भाल्यानं आणि खालून वर ओढत गळानं. थिएटेटस ‘हो, हो’ म्हणत राहतो. आणि मग पाहुणा हळूच सांगतो, सोफिस्टही याच कुळातला शिकारी, फक्त तो काठ बदलतो. त्याचं पाणी म्हणजे श्रीमंत घरचे तरुण.

वाचताना सहसा निसटतं ते हे, की तरुणांना गळाला लावणाऱ्याची ही व्याख्या पाहुणा एका तरुणालाच ‘हो हो’ म्हणायला लावत सांगतोय. प्लेटोला हे कळत नसेल? मला तो खोडकरपणा वाटतो. थिएटेटसनं तिथं एकदा तरी मान वळवायला हवी होती.

याच प्लेटोनं ‘लॉज’ या ग्रंथाच्या सातव्या भागात तरुणांना उद्देशून सांगितलंय की गळाची, सापळ्याची मासेमारी तुमच्या मनाला कधी न शिवो. सापळा माणूस झोपलेला असतानाही काम करतो, त्यात अंगमेहनत नाही, शौर्य नाही. हे खास उमरावी मत. भल्या पहाटे गार पाण्यात उतरून जाळं ओढणाऱ्या भोई समाजातल्या माणसाला आळशी म्हणायला प्लेटोचंच काळीज पाहिजे! पण तिथंच पुढे नियम येतो: कोळ्यानं मासे धरावेत, मात्र बंदरांत आणि पवित्र नद्या-तळ्यांत नको, आणि पाणी गढूळ करणारे रस त्यात टाकू नयेत.

हे वाचून मी थबकलो. रस म्हणजे विष. आपल्याकडे हिंगणाची फळं, गेळफळं ठेचून डोहात टाकत आणि मासे गुंगवून धरत. आता त्याच्या जागी ब्लीचिंग पावडर आली, सुरुंग आले, विजेची तार पाण्यात सोडणं आलं. आणि पवित्र पाणी म्हणाल, तर महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथले महसीर वरदायिनी देवीचे म्हणून कुणी धरत नाही, लोक त्यांना खाऊ घालतात. वाडा तालुक्यात वैतरणेकाठी तिळसेश्वरापाशीही तसंच. हाच महसीर 1839 साली साइक्सनं पुण्याच्या मुळा-मुठेतून शास्त्राच्या वहीत नोंदवला, आणि 1873 साली हेन्री सलिवन थॉमस या मद्रासच्या मुलकी अधिकाऱ्यानं आपल्या पुस्तकात त्याला सॅमनपेक्षा वरचढ ठरवला. साहेबाला त्यात खेळ दिसला, वाळणच्या माणसाला देवीचा मासा दिसला. तिथल्या लेकराची नदीशी पहिली ओळख मासा धरून होत नाही, भरवून होते. वॉल्टनच्या डोक्यात ही शक्यताच नव्हती. बेडूक गळाला जिवंत कसा लावायचा हे सांगताना तो म्हणतो की त्याच्यावर प्रेम असल्यासारखा हात चालवा. बायरन यावरच चिडला होता. त्या म्हाताऱ्याच्याच घशात गळ अडकवून एखाद्या ट्राउटनं ओढावं, असं त्यानं ‘डॉन हुआन’मध्ये लिहून ठेवलं.

तिसरं पुस्तक तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलेलं आहे. हेमिंग्वेचं ‘द ओल्ड मॅन अँड द सी’, 1952 सालचं, आणि पु. ल. देशपांड्यांनी केलेला त्याचा अनुवाद ‘एका कोळियाने’. शीर्षक हुशार आहे. कोळी मासे धरणारा आणि कोळी जाळं विणणारा. शाळेतली ती जुनी कविता लगेच आठवते. पण त्यामुळे वाचक आधीच ‘यत्न करीत राहावे’ या धड्याकडे ढकलला जातो, आणि पुस्तकातला मुलगा मागे पडतो. माझ्या मते पुस्तकाचा जीव मनोलिनमध्ये आहे.

सांतियागोनं त्याला पाच वर्षांचा असताना पहिल्यांदा होडीत नेलं. आता म्हाताऱ्याला 84 दिवस मासा नाही. 40 दिवसांनंतर आईबापांनी पोराला दुसऱ्या होडीवर पाठवलंय. पोरगा म्हणतो, मी तुझ्याबरोबर येतो. म्हातारा काय करतो? त्याला परत पाठवतो. तू आईबापांचा आहेस, नशीबवान होडीत आहेस, तिथंच राहा. समुद्रात एकटा पडल्यावर मात्र ‘पोरगा असता तर’ असं पुन्हा पुन्हा म्हणतो. म्हणजे माशाला गळ टाकतो, मुलाला गळ घालत नाही. वॉल्टनचा पिस्केटर आणि हा म्हातारा यांत फरक आहे तो इथे. शेवटी हाडांचा सांगाडा किनाऱ्याला लागतो आणि मुलगा स्वतःहून म्हणतो, आता आपण दोघं जाऊ. त्याला कुणी वळवलेलं नाही.

भोयाच्या घरी पोर शिकतं ते असंच. त्याला कुणी ‘निसर्गाची ओळख’ म्हणून नदीवर नेत नाही. ते डबा घेऊन जातं, जाळं सुकवतं, आणि शिकून जातं. त्यातून बाहेर पडायची मुभा मात्र त्याला फारशी नसते, हेही बोललं पाहिजे. मनोलिनला निदान दुसरी होडी होती. इसापूर धरणाच्या पाण्यावर पोट भरणाऱ्याच्या मुलाला शाळा ही दुसरी होडी असते, आणि ती किती गळते हे मी इथं सांगायला नको.

तरीही मुलांच्या हातात द्यायचं म्हटलं तर मी वॉल्टनचीच दोन पानं निवडीन. एक सॅमनवरचं. समुद्राकडे निघालेल्या पिल्लांच्या शेपटीला फीत बांधून सोडायची आणि काही महिन्यांनी त्याच जागी तीच फीत पुन्हा सापडते का बघायचं. आपल्या नदीत परत येणारा मासा लोकांनी कसा ओळखला ते तो सांगतो. मासा मारून कळलं नसतं ते सोडून कळलं. दुसरं पान विणीच्या महिन्यांचं. त्या काळात मासे धरणाऱ्यांवर आणि जुने कायदे गुंडाळून ठेवणाऱ्यांवर तो खवळतो. सबंध पुस्तकात हा शांत माणूस इतका तापलेला क्वचितच दिसतो. आपल्याकडे रोहू-कटला बांधलेल्या तळ्यात आपसूक विणत नाहीत, त्यांना पुराचं पाणी लागतं. 10 जुलै 1957 ला हिरालाल चौधरींनी इंजेक्शन देऊन अशा माशांना विणायला लावलं, तेव्हापासून धरणांत सोडायचं मत्स्यबीज तयार करता येऊ लागलं. पण ओढ्यात चढणारी मळ्याची मासळी, दांडवण यांना कुणी इंजेक्शन देत नाही. गाभोळीनं भरलेली मासळी पहिल्या पावसात पोत्यानं धरली की पुढच्या वर्षी ओढा मोकळा.

ही दोन पानं मराठीत यावीत असं मला वाटतं. अनुवाद करणाऱ्याची अडचण एकच येईल. वॉल्टन त्या महिन्यांना कुंपणाचे महिने म्हणतो. ‘बंदीकाळ’ हा सरकारी शब्द झाला, तो मुलांच्या कानाला कोरडा लागेल. नदीकाठच्या वस्तीत त्याला काय म्हणतात, ते आधी विचारून यावं आणि मग लिहायला बसावं.