'इश्किया' : अडाणी चोरांचें हास्य

चोरीची विद्या आपल्याकडे फार जुनी आहे, आणि चोराच्या फजितीची कथाहि तितकीच जुनी. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तील शर्विलक भिंतीला भोंक कोणत्या आकाराचें पाडावें याचा एखाद्या शास्त्र्याप्रमाणें विचार करतो, मापाची दोरी विसरली म्हणून जानव्यानेंच भिंत मोजतो, आणि एवढ्या शास्त्रशुद्ध परिश्रमानें मिळविलेले अलंकार ज्या वसंतसेनेकडे नेऊन देतो, ते मुळांत तिचेच असतात! सांगलीजवळील हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनीं हें नाटक मराठी रंगभूमीवर आणिलें, तेव्हांपासून हा चोर आपल्या प्रेक्षकाला परका राहिलेला नाहीं. शेक्सपिअरचा फॉलस्टाफ वाटसरूंना लुटतो आणि लागलीच वेषांतर केलेल्या राजपुत्राकडून स्वतः लुटला जातो. तोहि याच कुळांतला. प्रश्न असा कीं, ज्याच्या हातांत शस्त्र आहे त्याला आपण हसतों कां, आणि हसतांना त्याला नेमकें काय माफ करतों? अभिषेक चौबे यांचा 'इश्किया' (२०१०) हा हिंदी चित्रपट याच कसोटीवर पाहण्याजोगा आहे.

कथा थोडक्यांत अशी. खालूजान (नसीरुद्दीन शाह) आणि बब्बन (अर्शद वारसी) हे दोन भुरटे चोर. खालूजानचा मेहुणा मुश्ताक हा टोळीचा नायक. त्याचे पैसे घेऊन हे पळतात, जिवंत पुरले जाण्याच्या प्रसंगांतून कसेबसे निसटतात, आणि आसऱ्यासाठीं गोरखपूरच्या बाजूस विद्याधर वर्मा नांवाच्या परिचिताच्या घरीं येतात. विद्याधर मेल्याचें कळतें. दारांत उभी असते ती त्याची विधवा कृष्णा (विद्या बालन). पैसे नाहींसे होतात, मुश्ताक मानगुटीस बसतो, आणि कृष्णा एका धनिकाला पळवून नेण्याची मसलत देते. दोघेहि तिच्यावर भाळतात, आणि आपण बेत रचीत आहों अशा भ्रमांत तिच्या पटावरचीं प्यादीं होऊन बसतात.

या चित्रपटाचा पहिला गुण असा कीं, येथें विनोद गुन्ह्यावर वरून शिंपडलेला नाहीं. खालूजानला जुन्या हिंदी गीतांचा नाद. चाल कोणाची हें ओळखण्याच्या आनंदांत तो आपल्या पाठीवरचा काळ विसरतो. बब्बनहि तसाच उतावळा, पण निराळ्या दिशेनें. अशांच्या हातून अपहरण धड पार पडावें ही अपेक्षाच व्यर्थ होय. केळाच्या सालीवरून कोणीहि घसरतो. खालूजान मात्र केवळ खालूजानप्रमाणेंच घसरतो. म्हणूनच बब्बननें बाजी मारल्याचें उमगतें तेव्हां त्याच्या मुद्रेवर क्रोधाच्या आधीं वार्धक्य उमटलेलें दिसतें, आणि आपलें हसूं ओठांवरच थांबतें. विशाल भारद्वाज यांच्या संगीताला आणि रेखा भारद्वाज यांच्या गायनाला राष्ट्रीय पारितोषिकें मिळालीं, तीं योग्यच होत.

दुसरा गुण अधिक खोल आहे. या साऱ्या कथेंत एकच गुन्हा निर्दोष रीतीनें पार पडलेला आहे, आणि तो म्हणजे विद्याधरानें रचलेला स्वतःच्या मृत्यूचा देखावा. तो जिवंत आहे. पत्नीला फसवून तो निसटला आहे. जो गुन्हेगार चुकत नाहीं त्याचीच आपल्याला भीति वाटते. चुकणाऱ्यांच्या चुकांत त्यांचें उरलेलें मनुष्यत्व दिसतें. शर्विलकाला आपण क्षमा केली ती याच कारणानें.

परंतु येथेंच दिग्दर्शकाची लबाडीहि उघडी पडते. पळवून न्यावयाचा धनिक कक्कड हा चोरून अंगवस्त्र बाळगणारा गृहस्थ दाखविला आहे. त्याची कींव येऊं नये, आणि आपल्या हसण्याला काटा बोचूं नये, अशी ही सोय होय. अलेक्झांडर मॅकेंड्रिक यांच्या 'द लेडीकिलर्स' (१९५५) या इंग्रजी चित्रपटानें अशी पळवाट घेतली नाहीं. तेथें पांच दरोडेखोरांच्या वाटेंत एक भोळी, सर्वथा निरपराध म्हातारी उभी केली आहे. तिला मारण्याचें धैर्य कोणालाच होत नाहीं, आणि अखेर पांचहि जण मरतात. तेथें हास्याची पूर्ण किंमत वसूल होते. 'इश्किया'च्या शेवटीं स्फोट होतो, दुष्ट मरतो, आणि आपले भुरटे चोर मोकळे चालूं लागतात. किंमत एकट्या कृष्णेनेंच मोजली आहे, आणि तीच एक कोठें अडाणी नाहीं.

आम्हां मेढेकरांना आणखी एक गोष्ट खटकते. पडद्यावरचें हें गोरखपूर म्हणजे आमच्या डोंगरापलीकडची वाई होय. नायिकेचें नांवहि योगायोगानें आमच्या नदीचेंच! 'गंगाजल' (२००३) आणि 'ओंकारा' (२००६) यांनाहि याच मुलखानें आपले वाडे आणि घाट उसने दिले. जातीजातींच्या सशस्त्र टोळ्या, हातीं बंदूक आलेलीं पोरें, हें सारें पाहतांना मराठी प्रेक्षक निर्धास्तपणें हसतो, कारण तें 'तिकडचें' आहे. आमची भूमि भाड्यानें जाते, पण तिच्यावर आमचीं पापें कोणी उभीं करीत नाहीं. सचिन यांच्या 'गंमत जंमत' (१९८७) मध्यें दोघे बेकार तरुण एका श्रीमंताची मुलगी पळवितात; तेथील हास्य निर्मळ आहे, पण त्यांत रक्ताचा थेंब नाहीं. जात, जमीन आणि भाऊबंदकी यांच्यापायीं आमच्याकडेहि माणसें अडाणीपणानें गुन्हे करतात. त्यांना हसावें आणि हसतां हसतां लाज वाटावी, असा चित्रपट मराठींत व्हावयास हवा.

तोंवर 'इश्किया' अवश्य पाहावा. दोन पराभूत पुरुष आणि एक अजिंक्य स्त्री यांचें इतकें जिवंत चित्र हिंदींत विरळा आढळतें. मात्र पाहून उठतांना, आपण कोणाला हसलों याबरोबरच कोणाला हसावयाचें टाळलें, हेंहि रसिकांनीं स्वतःस विचारावें.